बांगड्यांच्या कागदाची पट्टी

मोटारीतल्या रेडिओचा आवाज लोखंडातून येत नाही, कागदातून येतो. हे सांगितलं की लोक अजूनही हसतात. हसोत बापडे. तो कागद फाटलेला मी या डोळ्यांनी पाहिला, या हातांनी सांधला, आणि मग याच तोंडाने चार माणसांत त्या सांधणीला नावं ठेवली. हे शेवटचं का केलं ते कोणाला कधी नीट सांगितलं नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळेत मी दुसरीच्या पुढे गेलो नाही. अक्षर वाकडं येईल. गोष्ट वाकडी येणार नाही.

लढाईची वर्षं होती. जळगावातल्या एका जिनिंगवाल्या शेठकडे मी मोटारीवर होतो. मोटारीवर म्हणजे नुसता चाक धरून बसणारा नव्हे. कार्बोरेटर मी खोलायचो, ब्रेक मी बांधायचो, ट्यूबला पंक्चर मी लावायचो. दुसऱ्याने हात लावलेला मला चालत नसे, आणि शेठलाही ते ठाऊक होतं. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. धुळ्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या सर्व्हिस मोटारी पाठीला कोळशाच्या टाक्या बांधून धापा टाकत जायच्या. आमची मोटार मात्र पेट्रोलवर चालायची आणि तिच्यात रेडिओ होता. शेठने तो मुंबईला बसवून आणला होता, कापसाचे भाव ऐकायला. बाकी त्यातून कोण काय बोलतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी मोटार धुवायला मेहरूणच्या तलावावर नेली की तिथली माणसं म्हशी सोडून रेडिओपाशी गोळा व्हायची. त्यांना वाटायचं, मीच त्याला बोलायला लावतो. मीही ते खोडून काढत नसे.

रेडिओची पेटी पुढे चाकाच्या बाजूला आणि आवाजाचा डबा वेगळा, डावीकडे बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यासमोर. वाटोळा, वरून खाकी कापड ताणलेलं. शेठ त्याला स्पीकर म्हणायचा, आम्ही कर्णा म्हणायचो.

आता अक्काचं सांगतो. माझं गाव पारोळ्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. तिथे आमच्या घराला लागून अक्काचं घर. वयाने माझ्याहून थोडी मोठी. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा सहा महिने आमच्या घरात अक्काच्याच हातची भाकर आली. तिचा नवरा लवकर गेला. एकच मुलगा. तो धुळ्यात लॉरीवर राहिला, गाडी शिकला, लग्न झालं, आणि वर्षाच्या आत फौजेत ड्रायव्हर म्हणून निघून गेला. समुद्रापार गेला एवढंच गावाला समजलं. पोळ्यापर्यंत त्याची कार्डं येत होती. मग बंद झाली.

थंडीत त्याच्याच पलटणीतला, जवळच्या गावचा एक शिपाई रजेवर आला. त्याने सांगितलं की दर रविवारी संध्याकाळी रेडिओवर आपल्याकडच्या शिपायांचे निरोप लावतात, अक्काच्या मुलाचंही नाव दिलेलं आहे, वैशाखाच्या सुमाराला त्याची पाळी येईल. हे सांगून तो परत गेला. त्यानंतर ना कार्ड, ना माणूस.

आमच्या खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. एकीकडे झाडांना झोके आणि पोरींची गाणी, आणि त्याच दिवशी घरात गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. वर खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या आणि आंब्याचा रस करायचा, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकून त्या माणसाला हाक मारून जेवायला बोलवायचं. त्या घासाला आम्ही आगारी म्हणतो.

त्या साली आखाजी जवळ आली तसा अक्काच्या जेठाने, म्हणजे तिच्या थोरल्या दिराने, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो त्यांनी विषय काढला. पोळ्यापासून पत्र नाही. भाऊबंदांत दोघातिघांचे मुलगे तिकडेच गेले होते, त्यांच्या मरणाची कागदं उशिराच आली होती. मुलाच्या नावाने घागर भरून टाकावी, असं आबांचं म्हणणं पडलं. आबा काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, जित्याच्या नावाने भरली तर पाप आहे खरं, पण मेलेला माणूस आपल्या दारातून उपाशी गेला तर ते पाप कुठे फेडायचं? अक्का म्हणाली, माझा मुलगा जिवंत आहे, घागर भरणार नाही. भरली असती तर दुसऱ्याच दिवशी तिच्या सुनेच्या हातातल्या बांगड्या गेल्या असत्या, हे घरात सगळ्यांना समजत होतं. सून तर समोर येईनाशी झाली होती.

आखाजीच्या आदल्या दिवशीच रविवार येत होता, म्हणून शेवटी असं ठरलं. रेडिओवर मुलाचा आवाज आला तर घागरीचं नाव काढायचं नाही. नाही आला तर सकाळी भरायची. आणि रेडिओ आणायचा मी.

ते जुळतही होतं. शेठची मुलगी धुळ्यात दिली होती. दर आखाजीला मी आधीच्या शनिवारी-रविवारी मोटार घेऊन जायचो आणि तिला माहेरी आणायचो. येताना गावावरूनच रस्ता. मी अक्काला शब्द दिला की दिवस मावळायच्या आत मोटार आमच्या घरांपुढच्या लिंबाखाली उभी असेल.

शनिवारी निघालो तेव्हा शेठाणीने व्याह्यांकडे द्यायला खरबुजांची मोठी टोपली दिली. मागची बैठक सांजोऱ्यांच्या डब्यांनी भरलेली, म्हणून टोपली पुढे माझ्या शेजारी ठेवली. एरंडोल सोडल्यावर उतारावर एक बैलगाडी अचानक आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी वाचली, बैल वाचले, पण टोपली पुढे आदळली आणि तिची एक सुटी कामटी कापडातून आरपार कर्ण्यात घुसली. मी ती हलकेच ओढून काढली. कापडाला भोक दिसत होतं, एवढंच. धुळ्यात पोचल्यावर रेडिओ लावून पाहिला. बाईचा बारीक आवाज ठीक येत होता. पुरुष बोलायला लागला की भर्र भर्र. फाटक्या पिपाणीतून कोणी बोलावं तसं. कोण बोलतोय ते देवालाही ओळखता आलं नसतं.

रविवारी सकाळी धुळ्यातल्या एका ग्रामोफोनवाल्याच्या दुकानात गेलो. त्याने मोटारीपाशी येऊन ऐकलं आणि मान हलवली. म्हणाला, आतला कागद फाटलाय, मुंबईहून नवा येईल तेव्हा बसवू, तोवर हात लावू नका, ठिगळ लावलं की कागद जड होतो आणि आवाज मरतो. तो मला शिकवायला लागला ते मला आवडलं नाही. मी म्हटलं, संध्याकाळी मुंबई इथे येणार आहे का? आणि निघून आलो.

त्याचं म्हणणं मात्र मी विसरलो नव्हतो. जड होऊ द्यायचं नाही, एवढं त्यातलं घेतलं.

शेठच्या व्याह्यांच्या अंगणात, सावलीत, मी चार स्क्रू काढून कर्णा बाहेर घेतला. कापड सोडवलं. आत काळसर कागदाचा पेला, कडेला वळ्या पडलेल्या, मागे लोहचुंबकाचा जड गोळा. चीर बोटाच्या पेराएवढी, एका बाजूला. कागद आत मुडपला होता, तुटून पडला नव्हता. तेवढं नशीब.

त्या घरी एक म्हातारे रखवालदार होते, नाना. ते बाजेवरून सगळं बघत होते. म्हणाले, "काय भाऊ, मोटारले गोधडीना ठिगळ लाई राह्यना का?"

मी म्हटलं, गोधडीला लावलं तर ऊब येते, याला लावलं तर वाचा येते. मग ते सल्ले द्यायला लागले. गव्हाची खळ लाव म्हणाले. खळ वाळली की कडक होते आणि झुरळं तिला खायला येतात, ती माझ्या कामाची नव्हती. मग म्हणाले, केळीच्या सोपाचा, खोडाच्या सालीचा, पापुद्रा लाव, पातळ असतो. तो ओला असतो तोवर रेशमासारखा, वाळला की आक्रसतो. चिरेची दुसरी चीर केली असती त्याने. माझ्या वडिलांकडे भजनाच्या मृदंगाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, भिजायची, फाटायची, ती ते घरीच नीट करायचे. ते एक गोष्ट नेहमी सांगायचे, की जोड डोळ्याला दिसला तरी चालेल, कानाला दिसता कामा नये.

कागद कोणता घ्यायचा याचा घोर होता. पतंगाचा चालला असता, पण वैशाखात पतंग कुठला. तेवढ्यात घरात कासार आला. आखाजीला माहेरी जायचं म्हणून शेठची मुलगी बांगड्या भरत होती. ते कासारलोक बांगड्या ज्यात गुंडाळतात तो कागद पाहिलाय ना? फुंकलं तर उडेल असा. मी त्याच्याकडून एक तुकडा मागून घेतला. तो कातरीने कापला नाही, ओला करून बोटांनी फाडला, म्हणजे कडेचे धागे मोकळे राहतात आणि खालच्या कागदात मिसळून जातात. बाभळीचा डिंक पाण्यात इतका पातळ केला की बोटाला चिकटेना. कोंबडीच्या पिसाने तो चिरेच्या दोन्ही ओठांना लावला, ओठ जुळवले, वरून एक पट्टी, पेल्याच्या पाठीमागून एक पट्टी. दाबलं नाही. फुंकर घालत बसलो. उन्हात ठेवायचा मोह झाला, ठेवला नाही. दुपारचं जेवणही त्याच्याजवळ बसून केलं.

वाळल्यावर कर्णा बसवला आणि रेडिओ लावला. एक जाड आवाजाचा माणूस बातम्या सांगत होता. भर्र नाही. एक कण नाही. नाना बाजेवरून उठून आले, कापडाला कान लावून उभे राहिले आणि काही न बोलता परत जाऊन बसले. त्यांच्यासारख्या माणसाने काही न बोलणं ही माझी बक्षिशी होती. मी आयुष्यात पुष्कळ इंजिनं उघडली आणि बंद केली. पण त्या पट्टीसारखं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

शेठच्या मुलीला मी वाटेत सगळं सांगितलं. ती समजूतदार होती. म्हणाली, थांबू या भाऊ, मलाही ऐकायचंय. उन्हं उतरली असताना आम्ही गावात पोचलो. मी मोटार लिंबाखाली घेतली, इंजिन बंद केलं, रेडिओची तार वर फांदीला बांधली. झोक्यावरच्या पोरी गाणं टाकून धावत आल्या. आबा पारावर येऊन बसले. तार बांधता बांधता मी जमलेल्यांना पट्टीची हकिकत सांगितली होती, लोक वाहवा करत होते. अक्का मोटारीचं दार धरून खाली जमिनीवरच बसली, कर्ण्याच्या अगदी समोर. सून तिच्या घराच्या दारात, पदरात हात लपवून.

रेडिओ गरम व्हायला वेळ घ्यायचा. लोकांना वाटलं बिघडला. मग आधी गुणगुण आणि मग माणसाचा आवाज. निरोप सुरू झाले होते. लांब सातपुड्याकडे वळवाचे ढग चमकत होते, आणि तिकडे वीज चमकली की इकडे रेडिओत कढईत काही तळावं तशी खरखर व्हायची. पहिला कोकणातला कोणी बोलला. त्याने आपलं गाव सांगितलं. दुसरा कोण ते समजलं नाही. तिसऱ्याच्या वेळी आधी सांगणारा नाव आणि गाव सांगत होता, आणि नेमकी तेव्हाच वीज चमकली. नाव गेलं, गाव गेलं. खरखर थांबली तेव्हा एक जवान आवाज बोलत होता, अगदी स्वच्छ. आई, मी येथे सुखरूप आहे. माझी काळजी करू नये. काकांना व घरच्या सर्व मंडळींना माझा नमस्कार सांगावा. शेताची मशागत वेळेवर करून घ्यावी. बस्स, तेवढंच. मग चौथा सुरू झाला.

लोकांनी आधी अक्काकडे पाहिलं. ती कर्ण्याच्या कापडाला हात लावून बसली होती. मी म्हटलं, हा तिसरा तर नव्हे? चौथा आणि पाचवा तर नक्कीच वेगळ्या मुलखातले होते, त्यांची गावं ऐकू आली. निरोप संपले आणि गाणं लागलं. मी रेडिओ बंद केला.

आबांनी भावजयीशी समोरासमोर कधी बोलायची रीत नाही. ते पोरींकडे बघत म्हणाले, "तेनी मायले इचारा, पोऱ्याना आवाज वळखना का."

अक्काने मान हलवली. मला म्हणाली, "भाऊ, आवाज चांगला शे. पन हाऊ मन्हा पोऱ्या नही. हाऊ दुसरी कोनती मायना शे."

एकजण हळूच म्हणाला, शेतीचं तर बोलला तो. आबा म्हणाले, शेती सगळ्यांनाच असते. आणि ते उठले. घागर कुंभाराकडून आणूनच ठेवलेली होती, हे मला माहीत होतं. दारातली सून आत गेली नाही, तिथेच खाली बसली.

मला काय वाटत होतं ते सांगतो. तो आवाज त्या मुलाचा आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. मी त्याला ऐकलं होतं ते अंगणात, शेतात, आपल्या बोलीत. हा बोलत होता मामलेदार कचेरीतल्या कारकुनासारखं. पण माझी पट्टी मला माहीत होती. पट्टीतून जो आवाज आत गेला तोच बाहेर आला होता, एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. मग अक्काचा कान खरा असेल तर तो मुलगा नाही. आणि तो मुलगा असेल तर आवाज असा का? यातून एकच वाट होती, की पट्टी खोटी. लोक तर तासाभरापूर्वी माझ्या पट्टीची वाहवा करत होते. शेठची मुलगी गाडीत बसलेली होती. माझा स्वभाव असा, की माझ्या कामात कोणी खोट काढली तर मी त्याच्या घरचं पाणी पीत नसे.

मी म्हटलं, "अक्का, तोच शे. मन्ही पट्टी चुकनी. ठिगळ जाड व्हयनं, म्हनीसन आवाज बदलना."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आनि बोलनं? बोलनंबी ठिगळनी बदलं?"

"बठ्ठं बदलस," मी म्हटलं. "कर्णा फाटना ते मानूस फाटस."

ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि जेठांच्या दिशेने, पण त्यांच्याकडे न बघता म्हणाली की ऐकलं ना, भाऊ म्हणतो तोच आहे. घागर भरायची नाही. आबा थांबले. मोटारीची विद्या त्यांना नव्हती, मला होती, आणि मी स्वतःच्या तोंडाने माझं काम वाईट म्हणत होतो. ते परत पारावर जाऊन बसले. घागर त्यांनी दुसऱ्या दिवशी बांधावरच्या आंब्याच्या रोपाला पाणी घालायला लावली, असं मागाहून ऐकलं.

मी निघताना अक्का मोटारीजवळ आली. "मंग नीट कर भाऊ. पुढली खेप माले त्याना आवाज ऐकनं शे."

मी हो म्हटलं. काय नीट करणार होतो?

गाव मागे पडल्यावर शेठची मुलगी म्हणाली, भाऊ, मला तर छान ऐकू आलं. मी म्हटलं, नाही ताई, बिघडलंच आहे ते. तिला खरं सांगितलं असतं तर ते धुळ्याहून नाहीतर जळगावाहून फिरून गावात गेलं असतं. मग तिने ते शेठला सांगितलं, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. शेठ म्हणाला, आता यापुढे रेडिओला हात लावू नका. मुंबईहून नवा कर्णा आला. तो बसवायला धुळ्याचा तोच ग्रामोफोनवाला जळगावला आला होता. माझी पट्टी त्याने बोटाने चाचपली, उजेडाकडे धरली. त्याला समजलं होतं. पण मग त्याच्या मनात आलं असेल, की ज्याने केली तोच वाईट म्हणतोय, आपण कशाला बोला. जुना कर्णा मी मागून घेतला आणि ट्रंकेत ठेवला. गावभर, जिनमध्ये, मेहरूणला तलावावर माझं नाव झालं, की याला गाडी येते, रेडिओ येत नाही. कोणी विचारलं तर मी हो म्हणायचो. हो म्हणताना दाढ दुखल्यासारखं व्हायचं.

पुढच्या आखाजीला, आधीच्या रविवारी, मोटार पुन्हा लिंबाखाली थांबली. अक्का वाट बघत होती. नवा कर्णा तिने हाताने चाचपला. निरोप ऐकले. त्यात आपल्याकडचं कोणीच नव्हतं. ती म्हणाली, "आते कर्णा नवा शे, पन तो बोलस नही." त्याही वर्षी घागर भरली नाही. आबांनी विषय काढला नाही. सुनेच्या हातात बांगड्या होत्या. त्या वर्षात मी जेव्हा जेव्हा गावावरून गेलो, तेव्हा अक्काने मला चहा पाजला आणि एकदा तरी माझ्या पट्टीबद्दल विचारलं, की इतकं कसं चुकलं तुझं. मी सांगायचो, डिंक दाट झाला. कधी म्हणायचो, कागद जाड होता. एवढ्या चुका मी त्या एका कामाला लावल्या की खरोखर तेवढ्या केल्या असत्या तर तो कर्णा घुबडासारखा घुमला असता.

लढाई संपली. त्यानंतरच्या थंडीत मी शेठच्या मुलीला पोचवायला धुळ्याला गेलो होतो. परत निघताना मोटारस्टँडवर खाकी कपड्यांतला एक जण माझ्या मोटारीच्या आडवा आला. काळवंडलेला, गालफडं बसलेली. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, "काका, मला ओळखलं नाही का? गावापर्यंत येऊ का तुमच्यासोबत?"

चेहरा ओळखायच्या आधी मी आवाज ओळखला. तिसरा निरोप. तोच, एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही.

वाटेत त्याने सगळं सांगितलं. आजारी पडून तो दुसऱ्याच मुलखातल्या दवाखान्यात पुष्कळ महिने होता, पलटण पुढे निघून गेली, पत्रं कुठे गेली ते त्याला समजलं नाही. रेडिओवर बोलला होता का, विचारलं. हो म्हणाला, आधीच एका खोलीत बसवून आवाज भरून घेतला होता, साहेबाने कागदावर लिहून दिलं होतं ते वाचलं. मी म्हटलं, वाचलंस ते वाचलंस, आता असा का बोलतोस? तो हसला. सातारा, रत्नागिरी, नगरकडची पोरं बराकीत त्याच्या बोलण्याची नक्कल करायची, प्रत्येक वाक्यामागे, आहे म्हणायच्या जागी, शे शे म्हणायची. म्हणून त्याने ते टाकून दिलं. मी म्हटलं, घरी गेल्यावर आपलं बोल. तो म्हणाला, "बोलीन काका, पण जीभ वळत नाही आता."

मी मोटार अक्काच्या दारात नेऊन उभी केली. ती ओट्यावर ज्वारी निवडत होती. तो उतरला, तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, कशी आहेस? तब्येत बरी आहे ना?"

सून दारात येऊन रडायला लागली. आबा पारावरून धावत आले, त्यांच्या पायात वहाण नव्हती. अक्काने मुलाचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कुरवाळलं, तोंडावरून हात फिरवला. रडली. रडता रडता तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

सगळे आत गेल्यावर ती मोटारीपाशी आली. म्हणाली, "भाऊ, तुन्ही पट्टी खरी व्हती."

दोन वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. रात्रंदिवस नाही, पण बघत होतो हे खरं. जिनमध्ये कोणी हसलं की मनात म्हणायचो, थांबा, एक दिवस येईल. तो दिवस आला आणि मला वाटलं, पट्टी खोटी असती तर फार बरं झालं असतं. डिंक दाट झाला असता, कागद जाड असता, आवाज मेला असता. तर या बाईचा मुलगा आतून जसाच्या तसा राहिला असता आणि फक्त माझं काम वाईट ठरलं असतं. माझी पट्टी खरी होती आणि तिचा कानही खरा होता. तिने त्या संध्याकाळी ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं.

मुलाने तिची आबाळ केली नाही, हे सांगायला हवं. भुसावळला रेल्वेत चिकटला, दर पंधरवड्याला घरी यायचा, आईला लुगडी आणायचा. तिच्याशी नीट, मान देऊन बोलायचा. पण तो असला की अक्का कमी बोलायची. तो समजावून सांगतो आणि ही मान हलवते, असं मी पाहिलं. तो भुसावळला गेला की ती मला ओट्यावर बसवायची आणि तासभर आमचं आमच्या बोलीत चालायचं, पिकाचं, पावसाचं, कोणाच्या कोणाशी भांडणाचं. मला कामाला जायचं असायचं. मी कितीदा अर्ध्यात उठलो. आता वाटतं, बसलो असतो तर शेठची मोटार काय पळून जाणार होती का?

पुढच्या थंडीत ती गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. मी तेव्हा शेठबरोबर खामगावला होतो.

आखाजीला मी गावात होतो. तिच्या नावाची घागर मुलाने भरली, रीतसर, नवी, वर खरबूज ठेवून. सांजोऱ्या झाल्या, रस झाला. चुलीपुढे बसून त्याने निखाऱ्यावर घास टाकला, हात जोडले आणि हाक मारली. "आई, जेवायला या."

मी दाराशी उभा होतो. धूर वर गेला. माझ्या मनात आलं, ही हाक तिला आपली वाटेल का? की ती म्हणेल, हाऊ दुसरी कोनती मायना पोऱ्या शे, आणि दारातून पुढे निघून जाईल? त्या संध्याकाळी मी मध्ये पडलो होतो, माझ्यापाशी सांगायला एक पट्टी होती. आता कशाला नावं ठेवणार?

मुलाच्या मागे उभा राहून मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "माय, जेवाले ये." त्याने वळून पाहिलं. दुसरा घास टाकला, आणि त्या वेळी हाक न मारताच हात जोडून बसून राहिला.